सव्वीसचे उलटे अवयव

ताज्या पत्रकांच्या शाईचा वास आला की मला आठवीतली गणिताची चाचणी आठवते. त्या सकाळी वडिलांची अन्यायाविरुद्धची पत्रकं आमच्या उत्तरेकडच्या शहरातल्या नई सडकेवर वाटून मी शाळेत आले होते आणि बोटं अजून काळी होती. १७५७६ चं घनमूळ विचारलं होतं. शेजारच्या मैत्रिणीने शेवटचा सहा आणि सुरुवातीचे सतरा पाहिले आणि मनातच हिशेब करून सव्वीस लिहिलं. मी ते चोरून पाहिलं, सव्वीसचे दोन आणि तेरा केले आणि उत्तरावरून उलटे अवयव, तीनदा दोन आणि तीनदा तेरा, पायरीपायरीने नीटनेटके मांडले. सरांनी दोघींचे पेपर शेजारी धरले. “स्टेप कहाँ है? छब्बीस आसमान से टपका?” त्यांनी तिला विचारलं. वर्ग हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बेटा, इसने तुम्हारा देखा ना?” मी होकारार्थी मान हलवली. तिला शून्य मिळालं. ती रडली नाही. सुट्टीत एवढंच म्हणाली, “मला विचारलं असतंस तर रीतच शिकवली असती, पागल.” आता वडिलांसारखीच मीही पत्रकं लिहिते, त्यांत भल्याभल्यांना जाब विचारते. तिची माफी मात्र अजून मागितलेली नाही.