समुद्र नसलेला मुलूख

समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शुक्रवारी सकाळी आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं कुवेतमधल्या फिंतासच्या किनाऱ्यावर डबे घेऊन जमायचो. सगळ्यांच्या सतरंज्या पाण्याच्या दिशेनं, आणि आयोवाकरांची घडीची खुर्ची मात्र रस्त्याकडे तोंड करून. मांडीवर पुस्तक, कानावर पेन्सिल. रत्नागिरीचे हमीदभाई, ज्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, एकदा वैतागून म्हणाले, "अहो, एवढा दर्या पसरलाय समोर, आणि तुम्ही गाड्या काय मोजताय?" आयोवाकरांनी मान वर केली नाही. "तुमचा दर्या कुठं पळून चाललाय हमीदभाई? त्याला बघायला तुम्ही हायतच की."

आयोवाकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते हिंगोलीकडचे, कळमनुरी तालुक्यातले. आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात रुग्णांच्या जुन्या फायली सांभाळायचे. मी वर लॅबमध्ये. वयानं ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी मला "सर" म्हणायचे, कारण माझ्या अंगावर पांढरा कोट होता. मी त्यांना "काका" म्हणायचो. आयोवाकर हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. पुढे ते त्यांना कळलं, तर त्यांनी ते वहीवर घालून टाकलं.

त्याचं कारण असं. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा अमेरिकन इंजिनीयर होता. निवृत्त होऊन जाताना त्यानं दोन खोकी पुस्तकं तळघरात ठेवली आणि सांगितलं, फेकून द्या किंवा वाचा. आयोवाकरांनी वाचली. ती विमानतळावर मिळतात तसली पुस्तकं नव्हती. अमेरिकेच्या मधल्या भागातली, आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस असल्या राज्यांतली, तिथल्याच छोट्या छापखान्यांनी काढलेली, बारकी, कुणी न ऐकलेल्या लेखकांची पुस्तकं. मका, बर्फ, गावचं धान्याचं कोठार, चर्चमधलं जेवण, बंद पडलेली शाळा. आयोवाकरांनी शब्दकोश शेजारी ठेवून, समासात पेन्सिलीनं मराठी शब्द लिहीत, दोन्ही खोकी संपवली. त्याला सहा वर्षं लागली.

त्या लेखकांना ते नावानं कधी ओळखायचेच नाहीत. एक "आपली पोस्टातली बाई", एक "दूधवाले आबा", एक "मकावाल्या मावशी". जेवणाच्या सुट्टीत तळघरात गेलं की पोळीचा घास हातात धरूनच सुरू व्हायचे. "सर, आपल्या पोस्टातल्या बाईचं गाव आठशे वस्तीचं बघा. पोस्ट बंद पडलं म्हणून तिनं पुस्तक लिहिलं. दीडशे पानं! कोण कुणाला कागद धाडायचं, कुणाची मनीऑर्डर यायची नाही, समदं. आपल्याकडं पोस्ट बंद पडलं तर कोण लिहायलंय?" मी घड्याळाकडे बघायचो. ते म्हणायचे, "जा तुम्ही, नमुने वाट बघायलेत."

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, कारण आम्ही त्याची नक्कल करायचो. "काठावरच्यांना समदे विचारतात, मधल्यांना कोण विचारतंय?" न्यूयॉर्कवर पुस्तकं निघतात, मुंबईवर निघतात, मधल्या मुलखाचं कुणी काही लिहीत नाही आणि लिहिलं तर कुणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. समुद्राकडे पाठ करण्याचं मूळही तिथंच. आमच्या पार्ट्यांत कुणाला वाढायचं राहिलं की कुणीतरी ओरडायचं, "अरे, मधल्यांना कोण विचारतंय?" सगळे हसायचे. मीही. मी कमी बोलणारा म्हणून ओळखला जातो, पण हसताना मी मागे नव्हतो हे इथं सांगून टाकतो.

ते स्वतःही लिहायचे. कळमनुरीवरची त्यांची दोन पुस्तकं हिंगोलीत छापली होती, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात. मुखपृष्ठाला पत्रिकांचा उरलेला जाड कागद वापरलेला. बोट फिरवलं की मलपृष्ठावर उठावाचा गणपती हाताला लागायचा. मी ते दाखवून हसलो तर ते खूश झाले. "अहो, तिथं बी असंच हाय! दूधवाल्या आबाचा छापखाना पेंडीच्या दुकानाची कॅलेंडरं छापतो, त्यातून उरलेल्या वेळात आबा." कुवेतच्या रिग्गई भागातल्या एका खोलीत ते चौघांबरोबर राहायचे, त्यांच्या वाट्याला एक पलंग आणि पलंगाखालची जागा. पलंगाखाली ही दोन खोकी. कपडे उशाशी.

तिसरं पुस्तक त्यांनी आठ वर्षं लिहिलं. त्या खोक्यांतल्या लेखकांची एकेक करून ओळख, आणि प्रत्येकाच्या शेजारी कळमनुरीकडचा एकेक माणूस उभा केलेला. पोस्टातल्या बाईशेजारी त्यांच्या गावचा पोस्टमन, दूधवाल्या आबांशेजारी डेअरीवर फॅट मोजणारा. नाव, 'समुद्र नसलेला मुलूख'. त्यांच्या करारातलं ते शेवटचं वर्ष. त्यानंतर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढणार नव्हता, हे त्यांना आणि आम्हाला माहीत होतं. दरवर्षी ते इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दहा मिनिटं मागायचे आणि दरवर्षी नाच-गाण्यांत ती दहा मिनिटं बसायची नाहीत. त्या वर्षी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "द्या हो त्यांना. जाताहेत बिचारे." पुस्तकाचं प्रकाशन कुवेतमध्ये व्हायचं ठरलं.

आपल्याकडे गावी जाऊन येणाऱ्यानं दुसऱ्याचं सामान आणायचं असतं. कुणाची औषधं, कुणाचा चष्मा, कुणाच्या आईनं दिलेलं तिखट. नाही म्हणायची पद्धत नाही. मी सुट्टीवर निघालो होतो. आयोवाकर लॅबच्या दारात आले. पन्नास प्रती छापल्या होत्या, दहा गावात वाटायच्या, चाळीस इकडे. "ठाण्याला तुमच्या मेहुण्याच्या घरी खोकं पोचतं करतो. नऊ किलो भरतं, सर. जमंल का?" मी म्हणालो, "काका, विचारता काय?"

निघायच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी ठाण्यात बॅगा काट्याला लावल्या. विमानतळावर ऐनवेळी धांदलीत काही झालं असतं, तर निदान तसं निमित्त तरी मिळालं असतं. तसं झालं नाही. पंखा चालू होता, पोट भरलेलं होतं, गाडी यायला दोन तास होते. सकाळी अध्यक्षीणबाईंचा फोन आला होता. मुलींच्या नाचासाठी बारा लेझिमा हव्या होत्या, कुवेतमध्ये मिळत नाहीत, "तुम्हीच आणू शकाल." त्यांचे यजमान आमच्या हॉस्पिटलात वरच्या जागेवर होते आणि माझं बढतीचं प्रकरण त्यांच्या टेबलावर होतं. मेहुण्यानं लेझिमा आणून दिल्या. लोखंडी. बायको-मुलीच्या बॅगा आधीच भरल्या होत्या, आणि माझ्या वाट्याच्या तीस किलोंत खोकं आणि लेझिमा दोन्ही बसेनात. बायको म्हणाली, "भाजणी काढू का?" मी म्हणालो, "राहू दे."

मी खोकं उघडलं. थोड्या प्रती तरी नेऊ, असा विचार होता. वरची प्रत माझ्या मुलीनं उचलली. ती तेव्हा अकरा वर्षांची, मराठी अक्षर लावून वाचायची. तिनं सुरुवातीचंच एक पान उघडलं आणि ओरडली, "बाबा, युअर नेम इज हिअर!" खरंच होतं. आभाराचं पान. त्यात छापखानेवाल्यानंतर लगेच माझं नाव, आणि पुढे, "ज्यांनी हे पुस्तक स्वतःच्या सामानातून वाहून कुवेतला आणलं, त्यांचे ऋण." आणलं. मी आणायच्या आधीच त्यांनी छापून टाकलं होतं.

ते पान वाचल्यावर मी काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. थोड्या प्रती नेल्या तर बाकीच्या कुठे म्हणून विचारतील, आणि त्या पानासमोर उभं राहून मला ते सांगावं लागेल. त्यापेक्षा एकही नको. मी मुलीच्या हातून प्रत घेतली, आत ठेवली, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि मेहुण्याला म्हणालो, "हे माळ्यावर टाक." मग लेझिमा भरल्या. काटा बरोबर तीसवर आला.

कुवेतला पोचल्यावर मी आयोवाकरांना सांगितलं की एक बॅग आलीच नाही. ते लॅबच्या दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.  उलट त्यांनीच मला धीर दिला. "तुमचं बी सामान असंल की त्यात. मिळंल हो. बॅगा कुठं जात नसत्यात. चिठ्ठी असंल ना बॅगेची? मी चौकशी करतो, तुम्हाला कुठं वेळ?" बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. त्यांतली एक काढून मी त्यांना दिली. ती लेझिमांच्या बॅगेची होती.

पुढच्या शुक्रवारी ते किनाऱ्यावर आले नाहीत. रिग्गईहून दोन बस बदलून विमानतळावर गेले होते. शनिवारी दारात आले. मी मायक्रोस्कोपमधून डोकं काढलं नाही.

"शोधायलेत म्हणाले, सर."

"मिळेल, काका."

कार्यक्रमात त्यांची दहा मिनिटं रद्द झाली. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं बरोबरच होतं, पुस्तकंच नाहीत तर प्रकाशन कसलं? ते तिसऱ्या रांगेत बसले होते. बारा मुली लेझिमा घेऊन आल्या. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत कडेला होती. सभागृह दणाणून गेलं. निवेदकानं माईकवरून माझे आभार मानले, एवढं वजन इतक्या लांबून आणल्याबद्दल. टाळ्या झाल्या. आयोवाकर वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवत होते.  त्या खोक्याविषयी माझी मुलगी आजतागायत बोललेली नाही. आता ती सतरा वर्षांची आहे आणि माझं बोलणं ऐकताना अधूनमधून माझ्याकडे एका विशिष्ट पद्धतीनं बघते.

त्यानंतर चार महिने, दर शनिवारी, तेच. "शोधायलेत, सर." "मिळेल, काका." मी एकदा म्हणालो, आपण परत छापू, मी बघतो सगळं. ते म्हणाले, "राहू द्या. बॅग मिळाल्यावर बघू." त्यांच्या आवाजात काही वेगळं आहे का, ते मी तेव्हा शोधत होतो. सापडलं नाही. मला बढती मिळाली. त्यांनी तळघरातून पेढे पाठवले.

जायच्या आदल्या आठवड्यात ते फिंतासला आमच्या घरी आले. हमीदभाईंच्या गाडीतून दोन खोकी उतरवली. पोस्टातली बाई, दूधवाले आबा, मकावाल्या मावशी, सगळे त्यात होते. वीस वर्षं पलंगाखाली सांभाळलेली ती पुस्तकं.

"हे तुमच्याकडं राहू द्या, सर."

"अहो काका, घेऊन जा ना. तुमचा जीव आहे त्यात."

"काय करता," ते म्हणाले, "वजनात बसंना."

एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. जाताना खिडकीपाशी थांबून पहिल्यांदाच समुद्राकडे बघितलं. "चांगलाय की," म्हणाले.

पुढच्या सुट्टीत मी ठाण्याला गेलो, तर रंगकामात माळा रिकामा केलेला. मेहुणा म्हणाला, "ते खोकं? रद्दीत गेलं. काय होतं त्यात?" मी म्हणालो, "काही नाही."

आयोवाकर कळमनुरीला आहेत. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. त्यांची मुलगी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवते असं हमीदभाई सांगतात. हमीदभाईंकडे त्यांचा नंबर आहे. माझ्याकडेही आहे.

ती दोन खोकी मी पाच वर्षं उघडली नाहीत. या हिवाळ्यात घर बदलायचं निघालं म्हणून उघडली. सगळ्यात वर पोस्टातल्या बाईचं पुस्तक होतं आणि त्यात खूण म्हणून बॅगेची ती चिठ्ठी, मी दिलेली. तिच्या कोऱ्या बाजूवर विमानतळावरच्या कुणीतरी इंग्रजीत लिहून दिलं होतं की ही बॅग त्याच विमानानं पोचली आहे, प्रवाशानं ती नेली आहे, कसलीही तक्रार नोंदलेली नाही. खाली तारीख. मी कॅलेंडर मागे मागे नेत ती तारीख तपासली. मी परतल्यानंतरचा तो पहिलाच शुक्रवार होता.

म्हणजे पहिल्या शनिवारी, दारात उभं राहून "शोधायलेत म्हणाले, सर" असं ते बोलले तेव्हा त्यांना माहीत होतं. तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवतानाही. पेढे पाठवतानाही. ती माया होती की शिक्षा होती, हे मी चिठ्ठी हातात धरून पुष्कळदा स्वतःला विचारलं. हे लिहिलेलं छापून आलं, तर त्यांची मुलगी ते त्यांना वाचून दाखवील, तेव्हा त्यांनीच काय ते ठरवावं. मला एवढंच दिसतं की ते चार महिने खोटं आम्ही दोघंही बोलत होतो. ते माझ्यासाठी बोलत होते, आणि मीही माझ्यासाठीच.