गौरीच्या आधीची गोळी

किहीमच्या अलीकडे, नारळाच्या वाडीत सुचिताकाकीचं घर आहे. घर दोघा भावांचं, पण शब्द काकीचा चालतो. नवरे दोघेही आरतीला उभे राहण्यापुरते आणि बाजारातून मासळी आणण्यापुरते. धाकटी जाऊ विनिता स्वभावानं गरीब. उरली विनिताची मुलगी मृणाल. ती अकरावीला, आणि घरात काकीला उलट विचारायची हिंमत तेवढी तिच्यातच.

काकीचा गावात दबदबा होता तो गौरीमुळे. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो. चिंबोऱ्यांचं कालवण, सुकी कोलंबी, तांदळाचे वडे, सगळं काकीच्या हातचं. आणि लग्न होऊन आल्यापासून ऐन सणात काकीला एकदाही अडचण आली नव्हती. बायका याचं नवल करायच्या. काकी खाली बघून हसायची, आणि लोकांना तो तिचा नम्रपणा वाटायचा.

खरी गोष्ट अशी होती की सणाच्या आधी काकी अलिबागच्या एका मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायची. गावातल्या निम्म्या बायका त्याच दुकानात जायच्या, आणि काउंटरवर एकमेकींच्या नजरेस पडल्या की खोकल्याचं औषध मागायच्या. भाद्रपदात किहीमच्या बाजूला खोकल्याची साथ असते असं त्या दुकानदाराचं ठाम मत झालं असेल.

मृणालचं दुखणं मात्र सणापुरतं नव्हतं. दर महिन्याला ती अंथरुणाला खिळायची. रक्त इतकं जायचं की चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा पडायचा. कॉलेज बुडायचं, आणि एकदा तर ती एसटी स्टँडवरच चक्कर येऊन पडली. काकी तिला नाचणीची आंबील द्यायची, पोट शेकायची, खराब झालेली चादर स्वतः धुवायची. पोरीवर तिचा जीव होता, यात शंका नको. शेवटी विनिता लेकीला घेऊन अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली आणि काही महिने घ्यायला गोळ्या लिहून दिल्या. रक्तस्राव कमी होईल, कळा कमी येतील, पुढे लग्न-मुलं यात काही बाधा येणार नाही, असं नीट समजावलं. फक्त पाकिटावर छापलं होतं, गर्भनिरोधक.

ते काकीनं वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. कुवाऱ्या पोरीच्या उशाखाली असल्या गोळ्या? उद्या कुणाला कळलं तर पोरीला करून कोण नेईल? विनितानं मान खाली घातली. काकीनं पाकीट उचललं आणि तांदळाच्या पिंपात खाली खुपसलं.

मृणाल पिंपाशी येऊन उभी राहिली.

"काकी, तू गौरीच्या आधी घेतेस त्या काय चिंचेच्या गोळ्या असतात?"

"त्या देवासाठी घेते मी."

"मग या मी माझ्यासाठी घेतल्या तर?"

काकीनं तिला तांदूळ निवडायला बसवलं. पाकीट पिंपातच राहिलं. पुढची पाळी आली तेव्हा मृणाल पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि घटक चाचणीचे दोन पेपर तिच्याशिवाय झाले.

मग गणपती आले. काकी नेहमीप्रमाणे अलिबागला गेली आणि मेडिकलच्या दारात तिचे पाय थबकले. काउंटरवर हितेश उभा होता. पाली गावचा, तिच्या चुलतभावाचा मुलगा, नवाच कामाला लागलेला. "आत्या, काय देऊ?" त्यानं इतक्या प्रेमानं विचारलं की काकीला खोकला आला. ती औषधाची बाटली घेऊन बाहेर पडली, बाजारात एक फेरी मारली आणि हितेश जेवायला गेला असेल म्हणून परत आली. हितेश तिथंच डबा खात होता. काकी दोन बाटल्या घेऊन घरी आली. दुसऱ्या मेडिकलात जावं, तर तिथला माणूस तिच्या नवऱ्याच्या भजनी मंडळातला.

तेव्हा तिला पिंप आठवलं.

दुपारी सगळे लवंडले असताना तिनं पाकीट बाहेर काढलं. आत बऱ्याचशा पांढऱ्या गोळ्या होत्या आणि शेवटच्या ओळीत सात तांबड्या. काकीनं डोकं चालवलं. विनिताच्या सांगण्यावरून तिला एवढं कळलं होतं की या गोळीची कामं दोन, मूल न होणं आणि पाळी आवरणं. म्हणजे रंगही त्यासाठीच दोन. पांढऱ्या कुटुंबनियोजनाच्या, त्यांना आपण हात लावायचा नाही. तांबड्या पाळीच्या. कमी आहेत म्हणजे जालीमच असणार. ती रोज एक तांबडी गोळी गिळू लागली. तिसऱ्या दिवशी पोट गच्च झालं, तेव्हा तिची खात्रीच पटली की औषध लागू पडतंय.

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी घर भरलं होतं. विनिता आदल्याच दिवशी बाजूला बसली होती, तिला स्वयंपाकघर बंद. चिंबोऱ्यांच्या नांग्या तोडून झाल्या, वाटण झालं, फोडणी पडली, आणि काकीला कंबरेत ओळखीची कळ आली. ती न्हाणीघरात गेली आणि बाहेर आली ती रडवेली होऊन.

तिनं मृणालला परसात बोलावलं आणि जे झालं ते हळू आवाजात सांगून टाकलं. हितेश, पिंप, तांबड्या गोळ्या, सगळं. मृणालनं आधी तोंडावर हात दाबला. मग ती माडाला टेकली. मग माडाच्या बुंध्याशी खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं, त्या लोहाच्या गोळ्या. रक्त वाढवायच्या. पाळी त्या पांढऱ्यांनी आवरते."

"मग दोन्ही एका पाकिटात कशाला घालतात मेले?"

"रोज गोळी घ्यायची सवय सुटू नये म्हणून. वाचायचंस तरी."

काकी दगडावर बसली. तिचा सगळा रुबाब गळून पडला होता. ओटीवर गावच्या बायका जमल्या होत्या, चुलीवर कालवण होतं, आणि इतक्या वर्षांत कमावलेलं नाव आज जाणार होतं. पोरगी आता अडवून धरणार, हे तिनं गृहीतच धरलं. ती पुटपुटली, "तुजा पाकीट देते मी परत. पन कुनाला सांगू नको."

"पाकिटाचं नंतर बघू," मृणाल म्हणाली. "आधी आत जा, कालवण करपेल. मी नाही सांगणार कुणाला."

काकी आत गेली. देवीला मनातल्या मनात हात जोडले आणि पळी हातात घेतली. सणाचा सगळा स्वयंपाक कळा सोसत करायची तिच्यावर तरुणपणापासून कधी वेळ आली नव्हती. ओट्याला धरून उभी राहताना तिला भिंतीकडे तोंड करून पडलेली मृणाल दिसत होती. आपण एका दिवसाच्या मानासाठी गोळ्या गिळत आलो आणि पोरीला आजारपणाची गोळी घेऊ दिली नाही, याची तिला फार लाज वाटली. नैवेद्याचं ताट तिनंच गौरीपुढे ठेवलं. गौरीचा मुखवटा होता तसाच राहिला.

पंगत बसली. शेजारच्या आवडाबाई गावातल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत खवय्या. नांगी चोखता चोखता त्या वाढणाऱ्या मृणालला म्हणाल्या, "काकीकडना शीक पोरी. सणाला कधी बाजूला बसली न्हाय. आनि तू, दर महिन्याला अंथरुनात लोलतेस."

मृणालनं आवडाबाईंच्या पानात आणखी दोन वडे वाढले. काकीला ते सोसवेना. तिनं पळी खाली ठेवली.

"आवडाबाय, मी गोल्या खाते," ती म्हणाली. "दर साली खाते. यंदा चुकीच्या खाल्ल्या आनि आज सकाली पाली आली. कालवन माज्याच हातचा हाय. आनि उद्या मी सोता मृणालला डॉक्टरनीकडं नेनार, तिच्या गोल्या चालू करायला. कुनाला काय बोलायचा तो मला बोला, तिला न्हाय."

विनिता माजघराच्या उंबऱ्याबाहेरून ऐकत होती, तिनं लेकीकडे पाहिलं. बायका एकमेकींकडे बघायचं टाळत आपापल्या पानात बघू लागल्या. आवडाबाईंनी हातातल्या नांगीकडे पाहिलं, मग गौरीकडे, मग पुन्हा नांगीकडे. ती टाकून द्यावी इतकं कालवण वाईट झालेलं नव्हतं. त्यांनी ती शेवटपर्यंत चोखली, बोटं पुसली आणि काकीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ती डॉक्टरीन कुटं बसते गो अलिबागला? आमची नात पन अशीच लोलते."