कोरी करायला दिलेली डिस्क

इंदापूरच्या स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थानं एकही काम वेळेत दिल्याचं मला आठवत नाही. फोन केला की म्हणणार, "सणसर गावात हाय, निघालोच," आणि मागं त्याच्याच दुकानातला पंखा खडखडत असणार. कसलाही बिघाड असो, आधी रॅम काढून शाळेच्या खोडरबरानं घासणार, फुंकर मारणार आणि सांगणार, "परवा या."

माझी जुनी हार्ड डिस्क त्याला कोरी करायला दिली होती. "आत बघितलंय न्हवं?" त्यानं विचारलं. न बघताच मी म्हणालो, "हो, पुसा सगळं."

पंधरा दिवस झाले तरी काम होईना. काल दुकानात जाऊन मी भडकलोच. त्यानं केबल जोडली आणि एक फोटो उघडला. पळसदेवला धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या देवळापुढं माझी आई तोंडाला पदर लावून हसत होती. ती गेल्याला चार वर्षं झाली. हा फोटो आहे, हेच मी विसरलो होतो.

"ह्या कोण, मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "पण पुसायला हात धजंना."

"पेन ड्राइव्हवर घालून द्या," मी म्हणालो.

त्यानं खोडरबर उचललं. "परवा या."