अळ्या कोण मोजतं?

प्रयोगशाळेत शोध कमी आणि किस्से जास्त साठतात. माझे तर बहुतेक संशयाचेच. १९६० सालाच्या आसपास मी घाटंजीत बोंडअळीच्या रक्तावर पीएच.डी. करत होतो, आणि त्या काळात माझ्यावर कोणी भरवसा ठेवल्याचं आठवत नाही!

•••

कपाशीच्या वावरात अळ्या वेचायला गेलो, की मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून पहारा करायचा. अळ्या नेल्याचं त्याला दुःख नव्हतं. म्हणाला, "न्या किती न्यायच्या त्या. पण वापस आणून सोडू नका." दुसऱ्या खेपेला वावरात पाय टाकायच्या आधी त्याने माझी पिशवी उलटी करून बघितली.

•••

प्रयोगासाठी भाड्याने घेतलेली खोली रहीमभाईंची. ते मोटार मेकॅनिक. एकदा त्यांना अळीचं रक्त दाखवलं, हिरवट पिवळं. त्यांचं मत पडलं, की इंजिनातून असं काही निघालं तर गाडी बिघडलेली असते, आणि ही अळी मीच बिघडवली असणार. शेवटपर्यंत ते त्यावर ठाम होते.

•••

काम साधं होतं. अळीला आधी मेलेले जंतू टोचायचे, दुसऱ्या दिवशी जिवंत. नुसते जिवंत टोचले तर अळ्या मरायच्या. आधी टोचलेल्या बहुतेक जगायच्या. रक्तात बचावाचं एखादं प्रथिन तयार होत असावं, हा माझा दावा. नागपूरहून गाइडचं पत्र आलं: "आकडे फारच छान आहेत. अळ्या कोण मोजतं?" स्वतः येऊन बघणार होते. काही काळंबेरं निघालं तर माझी पदवी गेली!

•••

मग मलाही संशय आला. अळ्यांचं चारापाणी जवळच्या तांड्यावरची जमनाबाई करायची. माझं तोंड उतरू नये म्हणून ही बाई मेलेल्या काढून जित्या तर टाकत नसेल? विचारायची हिंमत होईना.

•••

गाइड आले. भिंगातून डबे बघता बघता थांबले. जगलेल्या, मेलेल्या, प्रत्येक अळीच्या पाठीवर काजळाचा बारीक ठिपका! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने सांगितलं, की बाई भोळी आहे, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली असेल.

जमनाबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अळ्यांले कायले तीट लावू? साहेब टोचून जेवायले गेले, की ठिपका द्यायची मी. मेलेल्या फेकून नव्या भरते का हा माणूस, ते पाहून राह्यलती."

गाइडनी भिंग खाली ठेवलं. "मग? भरल्या का?"

"आजवर तं नाही," ती म्हणाली.