पेटीमास्तरांची कॅसेट

पेटीमास्तरांना राग यायचा नाही. रत्नागिरीत सगळे हा त्यांचा मोठेपणा मानत. मी मानत नाही. त्यांच्या वाट्याचा राग मला करावा लागला, आणि तो अजून संपलेला नाही.

तरुणपणी ते संगीत नाटकांना पेटीची साथ करत, पार राजापूरपर्यंत. नाटकं थंडावली तसे शाळेत गायन शिकवायला आले. पंच्याऐंशीच्या सुमारास संस्थेनं गायनाचे तास काढून टाकले आणि त्याच वर्षी शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. तो सांभाळणार कोण? संस्थेचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "मास्तरांची बोटं पेटीवर चालतात ना, मग हेही त्यांनाच द्या." सगळे हसले. मास्तरांनी ती थट्टा नेमणूक म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी इंग्रजी माहितीपुस्तक आणि डिक्शनरी घेऊन बसले.

त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. मास्तरांनी गणिताची चौकटीची वही आणली, पेन्सिलीनं चौकटी काळ्या करत एकेक अक्षर काढलं आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचे आकडे करून यंत्रात घातले. मी तेव्हा कॉलेजात होतो, पत्रकं काढायचो, मथळे त्यांच्याकडून करून घ्यायचो. ते म्हणायचे, "दोन अक्षरांमधली जागा ऐकून बघ. गाण्यात थांबायचं चुकलं की माणसं उठून जातात. इथं डोळा उठून जातो." माझी उद्गारचिन्हं ते खोडून टाकत. "एवढं ओरडलास तर ऐकणार कोण?"

यंत्र बंद केलं की अक्षरं पुसली जात. ती टेपरेकॉर्डरच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावी लागत. शाळेनं कोरी कॅसेट दिली नाही. मास्तरांच्या वादनाची एकच कॅसेट होती, कुणीतरी मैफलीत भरून दिलेली. तिची एक बाजू त्यांनी अक्षरांसाठी पुसली. मी भांडलो, तर म्हणाले, "दुसरी आहे की अजून."

शाळेची स्मरणिका निघाली. मथळे मास्तरांच्या अक्षरांत, आणि अक्षररचनाकार म्हणून नाव अध्यक्षांच्या पुण्याहून आलेल्या भाच्याचं. त्यानं यंत्राला बोटही लावलं नव्हतं. मी स्मरणिका मास्तरांपुढे आपटली. ते पानाकडे बघत राहिले. "'ळ' चांगला आलाय रे. तापतोस कशास एवढा?"

महिन्याभरात यंत्राच्या खोलीची किल्ली भाच्याकडे गेली. मास्तर किल्ली द्यायला गेले तेव्हा मी सोबत होतो. अध्यक्ष म्हणाले, "कॅसेटही ठेवा, ती शाळेची." मास्तरांनी कॅसेट उलटी करून टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. पेटी वाजू लागली. मास्तर उभे होते. चीज संपली तशी त्यांनी कॅसेट बाहेर काढली.

"हे शाळेतलं कोण वाजवतंय ते सांगा," मास्तर म्हणाले. "त्याला देऊन टाकतो."

आवाज जराही चढला नाही. कॅसेट खिशात घालून ते बाहेर आले आणि फाटकाशी ती माझ्या हातात ठेवली. मग शाळेचं फाटक त्यांनी धाडकन लावलं. राग यायचा नाही म्हणे.

भाच्याला मराठीचं एक अक्षर काढता आलं नाही. यंत्रावर कापड पडलं ते पडलंच. गेल्या वर्षी मास्तर गेले, तेव्हा शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'माजी गायनशिक्षक'. तेवढंच.

कॅसेट माझ्याकडे आहे. अक्षरांची बाजू लावली की नुसती कर्कश किरकिर येते. घरचे म्हणतात, बंद कर. मी करत नाही. माझ्या डोक्यातही सध्या तसलाच आवाज आहे. पण मास्तर, तुमच्यावर लिहिलेलं हे माझं पत्रक तुमचं आहे, म्हणून बघा, एकही उद्गारचिन्ह घातलेलं नाही.