आत्तापुरते मामा

सॉकेटचं वरचं तिसरं, अर्थिंगचं भोक कंपनी शोभेला देते, असं छातीठोकपणे सांगणारा वायरमन मी आयुष्यात एकच पाहिला. आत्तापुरते मामा. त्यांचं खरं आडनाव आमच्या गल्लीत कुणालाच आठवत नसे. ‘आत्तापुरतं भागवून देतो, पुढं पक्कं करू,’ हे त्यांचं वाक्य श्रीरामपुरातल्या निम्म्या घरांनी ऐकलं होतं आणि ती घरं अजूनही आत्तापुरतीच चालू आहेत. आई त्यांना राखी बांधायची, म्हणून ते आमचे मामा.

कानावर टेस्टर असायचा, पण तो कान कोरायला. करंट ते बोटाच्या पाठीनं तपासत. आम्ही श्वास रोखून उभे आणि मामा डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे सांगत, ‘हाय. लई न्हाई, पण हाय.’ प्लग त्यांना मान्य नव्हता. वायरीची उघडी टोकं भोकात घालायची आणि आगपेटीच्या दोन काड्या ठोकून बसवायच्या. वर म्हणायचे, ‘हलवू नका म्हंजी झालं.’

गिझरचं बटण त्यांनी बैठकीत बसवलं. न्हाणीघरातून ‘गिझर बंद करा’ अशी आरोळी आली की बैठकीत जो असेल त्याने उठायचं. बहिणीला बघायला आलेले पाहुणे तासभर आधी टपकले आणि वडील नेमके आंघोळीला. आरोळी आली. आम्ही जमिनीत गडप व्हायच्या बेतात. नवरा मुलगा शांतपणे उठला, बटण बंद केलं आणि परत पोह्यांकडे वळला. बहिणीचं तिथेच ठरलं.

पण खरा छळ फ्रीजचा. दाराला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल नेली तर आई जेवायला वाढत नसे. त्याच आईने फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा मांडला. त्या चपला उंबऱ्याबाहेर कधी गेल्या नाहीत. पाहुण्याने पाणी मागितलं तर आम्ही आधी चपला दाखवत असू.

वडील शाळामास्तर. झटका बसला की मामांना बोलावून घेत आणि नापास पोराला झापावं तसं झापत. ‘अहो, अर्थिंग का नाही केलंत?’

‘करू की, मास्तर. आत्तापुरतं चपला घाला.’

एवढं बोलून मामा आईकडे बघत आणि आई चहा टाकायला आत जाई. हे वडील असेपर्यंत चाललं.

गेल्या वर्षी मामाही गेले, बसल्या जागी. त्यांनी आयुष्यात पक्कं केलेलं एवढं एकच काम, असं मी त्यांच्या दहाव्यालासुद्धा म्हणून घेतलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन विनोद गिळले.

यंदा भाची तिच्या रांगत्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला येणार म्हणाली आणि मी आधी फ्रीजकडे बघितलं. रांगणाऱ्या पोरीला चपला घालणार कुठे? ती हात टेकणार ते नेमकी फ्रीजलाच. नवा वायरमन बोलावला. तो एकेक बोर्ड उघडी आणि कपाळावर हात मारी. मी मामांच्या आवाजासकट सगळा इतिहास त्याला करून दाखवत होतो. मीटरच्या बोर्डामागे हात घालून तो थांबला.

‘काका, अर्थिंगची वायर सगळीकडं ओढल्याली हाय. चांगली जाड हाय. हितं आनून गुंडाळून ठिवलीय. निस्ता ती जमिनीत गाडायला खड्डाच घेतला न्हाई.’

‘बघ,’ मी आईला म्हणालो. ‘खड्ड्याचा तेवढा कंटाळा.’

‘त्याला बोलू नकोस,’ आई म्हणाली. ती मेथी निवडत होती. ‘खड्डा मी घेऊ दिला नाही. परसातली फरशी नवी होती. किती वर्षं मागं लागून करून घेतली होती वाळवणासाठी. म्हटलं, भाऊ, फोडू नकोस, आत्तापुरतं राहू दे.’

‘अगं, मग वडिलांना सांगायचंस. मामा इतकी वर्षं शिव्या खात होते.’

‘तो म्हणाला, आक्का, तुमी गप ऱ्हावा. मला सवय हाय.’

मी कुणावर चिडावं तेच कळेना. ज्यांच्यावर चिडायचं ते निघून गेले होते आणि जी समोर होती तिने मेथी बाजूला ठेवून परसाची वाट धरली होती. भिंतीजवळच्या फरशीवर तिने पाय ठेवला. छिन्नीने कोरलेली एक बारीक फुली तिथे होती. ‘इथे फोडा. त्यानं खूण करून ठेवली होती.’

खड्डा झाला, कोळसा आणि मीठ पडलं, वायर जोडली. आई अनवाणी फ्रीजपाशी गेली आणि दारावर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली. चपला तिने स्वतःच उचलून बाहेर नेल्या.

जाताना वायरमनने विचारलं, ‘आजी, गिझरचं बटन पन आत घेऊ का?’

आई बैठकीतल्या त्या बटणाकडे बघत राहिली.

‘नको,’ ती म्हणाली. ‘आत्तापुरतं राहू दे.’