अनंताच्या नऊ खोल्या

अनंता देशपांडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, एका नव्या ले-आउटची हद्द बघत उभा होतो. फोन त्याच्या धाकट्या भावाचा. "दादा सकाळी उठलाच नाही," एवढंच तो म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे लिहायला लाज वाटते. वाटलं, ती गोष्ट सांगायची राहूनच गेली... त्या फोनला आता पाच आठवडे होतील.

आम्ही वीसेक वर्षं भागीदार. सिडकोत दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस, काम नकाशांचं. मी शेतकऱ्याच्या घरातला, टेप घेऊन उन्हात फिरणारा. तो कारकुनाचा मुलगा, सावलीत बसून माझ्या मोजमापांचे संगणकावर नकाशे काढणारा. शहर चारी अंगांनी पसरत होतं, त्यामुळं प्लॉटांचे नकाशे कधी संपत नसत. दुष्काळाच्या वर्षांत मात्र त्याच टेबलांवर टँकरचे नकाशे येत. कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीवरून, कोणत्या रस्त्यानं पाणी न्यायचं, ते.

मला कायम कुतूहल होतं ते त्याच्या पडद्याचं. माझ्या पडद्यावर बाजाराच्या दिवसासारखी गर्दी. एका खिडकीवर दुसरी, तिच्याखाली तिसरी. त्याच्यासमोर एका वेळी एकच काम, आणि बाकी लख्ख. खाली पट्टी नाही, चित्रं नाहीत. माउसला तो क्वचितच हात लावायचा.

"आरं, मघाचा नकाशा कुठं गेला?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्या खोलीत आहे, दत्ता." त्यानं दोन बटणं दाबली, नकाशा हजर. परत दाबली, पत्र हजर.

एका पडद्यामागं त्यानं नऊ पडदे मांडले होते. त्यांना तो खोल्या म्हणायचा. पहिलीत पत्रं, दुसरीत नकाशा, चौथीत माझ्या मोजणीच्या नोंदी. कोणती खिडकी कोणत्या खोलीत उघडायची हे त्यानं संगणकाला एकदाच लिहून दिलं होतं.

"एवढं ध्यानात कसं राहतं तुझ्या? शोधत बसावं लागत नाय?"

"शोधायचं कशाला? जायचं. तुला घरात माठ शोधावा लागतो का?"

"माठ नाय शोधावा लागत. पाणी शोधावं लागतं."

यावर तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला.

आठव्या खोलीला तो भट्टी म्हणायचा. तासन्‌तास चालणारी कामं तिथं लावून द्यायची आणि आपण दुसरीकडं वळायचं. पाचवी त्यानं मुद्दाम रिकामी ठेवली होती. जागेवरून उठताना तो नेहमी पाचवीत येऊन उठायचा. "परत आलो की कुठं जायचं हे मी ठरवणार. समोर पडलेल्या कामानं नाही ठरवायचं," असं त्याचं म्हणणं. मला ही सवय थोडी भटजीछाप वाटायची, आणि तसं मी त्याला म्हणतही असे.

टँकरच्या एका उन्हाळ्यात तो आईला घेऊन डॉक्टरकडं गेला होता. मला एक जुनं पत्र छापून हवं होतं. त्याच्या खुर्चीत बसलो तर पडदा कोरा. बटणं दाबली, काही होईना. अडकलंय म्हणून मी चालू-बंदचं बटण दाबून धरलं. संगणक बंद झाला. त्या क्षणी तर मला वाटलं की मी शहाणपणाचं काम केलं.

भट्टीत दोन दिवसांपासून टँकरच्या रस्त्यांसाठी गावांच्या जुन्या नकाशांचे तुकडे जुळत होते. दुपारी ते काम संपायचं होतं. सगळं गेलं, त्याआधी त्यानं हातानं केलेली मांडणीसुद्धा.

तो आला, बसला. "हे बंद कसं झालं?"

"लाईट गेली होती."

त्यानं माझ्या टेबलाकडं पाहिलं. "तुझा चालू आहे..."

"आत्ताच केला."

"बरं," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून कामाला लागला. चार दिवस गेले, मधला रविवारसुद्धा. यादीत नव्यानं धरलेल्या दोन वस्त्यांना पाणी तेवढ्याच उशिरानं पोचलं. त्यातली एक माझ्या मावशीची. पुढं मी ही लाईटची गोष्ट चारचौघांत खुलवून सांगत राहिलो. अनंता ऐकायचा, कधी खोडून काढलं नाही.

गेल्या आठवड्यात अनंताच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा, फोन आला. "भावजी, यांचा कम्प्युटर अजून चालूच आहे. मला बंद करता येत नाही, आणि हात लावायची भीती वाटते." गेली काही वर्षं तो घरूनच काम करायचा. मी गेलो. पडद्यावर पाचवी खोली होती.

यावेळी घाई केली नाही. खोल्या कशा लावल्यात ते ज्या फाइलमध्ये लिहिलं होतं, ती त्यानं मला पूर्वी एकदा दाखवली होती. ती उघडून वाचत बसलो. प्रत्येक ओळीला त्याची मराठीत टीप. पडद्याच्या वरच्या कडेला नऊ बारीक आकडे होते. ज्या खोलीत काम चालू तो आकडा पिवळा. हे आकडे पूर्वी नव्हते, मधेच केव्हातरी आले होते. त्याची नवी हौस असेल म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. त्या ओळीशी लिहिलं होतं : 'दत्तासाठी. आठवीत काही चालू असलं तर त्याला बाहेरून दिसावं.' खाली तारीख. माझ्या खोट्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी लोकांना हसवत होतो तेव्हा प्रत्येक वेळी माहीत होतं. इतकी वर्षं तो ते कुठल्या खोलीत ठेवून माझ्याशेजारी बसत होता, हे मला अजून उमगत नाही.

"काय लिहिलंय हो एवढं?" वहिनींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बटण, लाईट, चार दिवस. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते चार दिवस मी डबा पाठवत होते. माणूस जेवायलाही घरी येईना. दोघांना पुरेल एवढा भरायचे... तुम्हीही जेवला असाल त्यातलं."

"जेवलो होतो, वहिनी," मी म्हणालो.